भरीत 'ऑसम' झालंय!

हिवाळा आला की जळगावात भरिताचे बेत सुरू होतात. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली जातात आणि पहिला घास पोटात जायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ऑसम यार!" भरीत चविष्ट असतं, झणझणीत असतं, यात वादच नाही. पण ऑसम? 'ऑ' म्हणजे धाक. उंच कड्याखाली किंवा देवासमोर उभं राहिल्यावर छातीत जे होतं ते. भीती आणि आदर एकदम. आता सांगा मित्रांनो, वांग्याला कोण घाबरतं?

इंग्रजीतल्या भव्यतेच्या बऱ्याच शब्दांची हीच गत झाली आहे. 'टेरिफिक' म्हणजे मुळात थरकाप उडवणारं. आज कुणाची नवी हेअरस्टाईलही टेरिफिक असते. 'ऑफुल' हा 'ऑसम'चा सख्खा भाऊ. तोही एकेकाळी आदरयुक्त धाकासाठीच वापरत. पुढे एक भाऊ 'फारच छान' झाला आणि दुसरा 'फारच वाईट'! 'ग्रँड' कपड्यांच्या सेलला लागतो. आणि 'ग्रेट'चं तर काय बोलावं? परीक्षेच्या आदल्या रात्री लाईट गेली की आपण कपाळावर हात मारून म्हणतो, "ग्रेट!"

मी कॉन्व्हेंटची. शाळेत निबंधात 'मॅग्निफिसंट', 'मॅजेस्टिक' असे शब्द पेरले की मार्क वाढायचे, त्यामुळे या मंडळींशी माझी जुनी ओळख. पण म्हणून मराठीने इंग्रजीला हसायचं कारण नाही. 'प्रचंड'मधला 'चंड' म्हणजे उग्र, रागीट. म्हणजे आपला 'प्रचंड' आणि त्यांचा 'टेरिफिक' एकाच वळणाचे. 'अजस्र' म्हणजे संस्कृतात 'न थांबणारं'. मराठीत येऊन तो आकाराने अवाढव्य झाला. 'भारी' म्हणजे वजनदार, आता सबमिशनची तारीख पुढे गेली तरी "भारी!" आणि चौकातल्या फ्लेक्सवर 'भव्य' हा शब्द नसलेला एक तरी कार्यक्रम मला दाखवाच. ही शब्दांची मुळं खणायची खोड कुठून आली म्हणाल, तर मी धुळ्याची. इतिहासाची साधने आणि मराठी शब्दांची मुळे शोधत आयुष्यभर वणवण करणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. थोडा मातीचा गुण असणारच!

मग हा 'ऑ' खरा भेटतो कुठे? मला तो अजिंठ्यात भेटला. जळगावहून साठेक किलोमीटर. बसमध्ये अंताक्षरी, टाळ्या, आरडाओरडा. फिरत फिरत २६ नंबरच्या लेण्यात शिरलो. आत डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाचा बुद्ध आडवा पहुडलेला, सुमारे ७ मीटर लांब. खालच्या बाजूला शोक करणारे शिष्य. आमची चाळीस जणांची टोळी एकदम गप्प झाली. जिथे 'ऑसम' हा शब्द खरंच शोभला असता, नेमका तिथेच तो कुणाच्या तोंडून आला नाही.

आता कुणी म्हणेल, शब्द जरा स्वस्त झाले तर बिघडलं काय? भाषा आहे, झिजणारच. मलाही त्यात फारसं वाईट वाटत नव्हतं. पण यंदा आमच्या मेसचे मामा निवृत्त झाले आणि निरोप समारंभाचं अँकरिंग माझ्याकडे आलं.

रात्री लिहायला बसले. 'लेजंड' लिहिलं. पण त्याच आठवड्यात तिसऱ्या वेळी एम-थ्री काढलेल्या मैत्रिणीला सगळ्या विंगने 'लेजंड' ठरवलं होतं. खोडलं. 'ग्रेट' खोडलं. 'इन्क्रेडिबल' खोडलं, ते तर कालच्या मॅगीला वापरून झालं होतं. मराठीकडे वळले. 'थोर', 'महान'... निवडणुकीच्या पोस्टरसारखं वाटायला लागलं. ज्या माणसाने आम्हाला रोज वाढलं, त्याच्यासाठी माझ्याकडे एकही न वापरलेला शब्द शिल्लक नव्हता. रडू यायचंच बाकी होतं.

शेवटी विशेषणं सोडून दिली. मामा काय करायचे तेवढंच लिहिलं. गाडी लेट होऊन रात्री अकराला पोचलेल्या मुलीचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. कुणाला ताप आला की न सांगता मऊ खिचडी रूमवर यायची. आणि एक ओळ: "एकवीस वर्षांत मामांनी कुणालाही उपाशी झोपू दिलं नाही." स्टेजवर ती ओळ वाचली आणि सगळा हॉल उभा राहिला. रेक्टर मॅडमसुद्धा. मामांनी टोपी सारखी केली, माईक जरा लांबच धरला आणि म्हणाले, "जेवून जा बरं सगळे."

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. १८८० साली इथल्याच आसोद्याला जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी जपली आणि त्या गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक निघालं. त्या गाण्यांत काय आहे? चूल, जातं, मोट, पेरणी, सुगरणीचा खोपा. सगळे घरातले, शेतातले शब्द. तरी वाचताना मन मोठं होतं.

मोठे शब्द वापरूच नयेत असं मी म्हणत नाही. पण घरी आई पैठणी जशी पेटीत घडी घालून ठेवते, तसे दोन-चार तरी राखून ठेवावेत. कधी कुणासाठी लागतील, सांगता येत नाही. तोवर भरीत झणझणीत झालंय, एवढं म्हटलं तरी पुष्कळ आहे.