खिडकींतील मराठी

यंत्र बिघडलें म्हणजे दोष कोणाच्या तरी माथीं मारण्याची मनुष्याला मोठी घाई असते, आणि त्यासाठीं एखादी मुकी वस्तु मिळाली तर त्याला फारच सोईचें होतें. हल्लीं हें मुकेपण आपल्या देवनागरी लिपीच्या वांट्याला आलें आहे. संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षरें मोडलीं किंवा शोधलेलें नांव सांपडलें नाहीं, कीं चांगलीं शिकलेलीं माणसेंहि चटकन् म्हणतात, "आपली लिपीच यंत्राला मानवत नाहीं." या समजुतीची शहानिशा करण्याचा प्रसंग मला सेवानिवृत्तीनंतर आला, त्याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जें कांहीं मिळालें तें पाठशाळेंत. जन्मभर शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. मी भाईंदरला राहावयास आलों तेव्हां खाडीकांठीं मिठागरें दूरवर पसरलेलीं दिसत. २००२ सालीं मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, आणि आतां उंच इमारतींच्या गर्दींत मराठी पुस्तकाचें ठिकाण शोधून काढावें लागतें. अशाच एका लहानशा ग्रंथालयाच्या कामांत मी वेळ घालवितों. तेथील सुमारें सात हजार पुस्तकांची हस्तलिखित नोंदवही जीर्ण झाली, म्हणून ती संगणकावर घ्यावी असें ठरलें. माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा एका कचेरींत प्रोग्रॅम लिहिण्याचेंच काम करतो. त्यानें सुट्टीच्या दिवशीं बसून खिडकींत चालणारा एक प्रोग्रॅम तयार करून दिला. आमच्या सूनबाई नांवें टंकूं लागल्या, आणि महिन्याभरांत तक्रारींची यादी झाली. कार्यकारी मंडळाच्या बैठकींत एक सभासद म्हणाले, "नांवें इंग्रजी अक्षरांत लिहूं या, म्हणजे कटकट मिटेल." बहुतेकांचा कल तिकडेच होता. मीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

पुतण्याला म्हटलें, "अरे, आधीं अन्वयव्यतिरेक लावून पाहूं." नैयायिकांची व वैयाकरणांची ही जुनी रीत आहे. कारण असतां कार्य असावें हा अन्वय. कारण नसतां कार्य नसावें हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तरच कारण ठरलें. प्रत्येक तक्रारीच्या वेळीं मराठी नांव घालून पाहावयाचें, मग तेथेंच इंग्रजी नांव घालून पाहावयाचें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. तो हंसून म्हणाला, "काका, आम्ही कचेरींत हेंच करतों, नांव मात्र आज कळलें."

पहिली तक्रार अशी होती कीं, सबंध यादी उघडतांना खिडकी गोठून जाई. येथें खिडकीच्या प्रोग्रॅमची रचना थोडी सांगितली पाहिजे. असा प्रोग्रॅम बहुतेक वेळ निरोपांची वाट पाहत बसलेला असतो. कळ दाबली, माउस हलला, झांकलेली खिडकी पुन्हां उघडी पडली, असे सारे निरोप एका रांगेंत येतात, आणि एकच कारभारी ते क्रमानें घेऊन त्यांची व्यवस्था लावतो. हाच कारभारी सात हजार नोंदी आणावयास स्वतः आंत गेला, तर दाराशीं आलेले निरोप तसेच पडून राहतात. सुमारें ५ सेकंद एकहि निरोप घेतला गेला नाहीं, म्हणजे विंडोज त्या खिडकीवर 'प्रतिसाद देत नाहीं' असा शिक्का मारते. उपाय असा कीं, वेळखाऊ काम दुसऱ्या हाताकडे सोंपवावें. मात्र त्या दुसऱ्या हातानें खिडकीवर परस्पर कांहीं लिहूं नये. काम झाल्याचा निरोप कारभाऱ्याला द्यावा आणि लिहिणें त्याच्यावरच सोडावें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें नवें वाटणार नाहीं. सामान कोणींहि आणावें, पण कोठीचे डबे जिच्या कमरेला किल्ल्या तिनेंच भरावे. दोघींनीं एकदम हात घातला कीं साखरेच्या डब्यांत मीठ जातें. असो. इंग्रजी नांवांची तेवढीच मोठी यादी घालून पाहिली, तेव्हांहि खिडकी तशीच गोठली. व्यतिरेक जुळला नाहीं, लिपि सुटली.

दुसरी तक्रार चिठ्ठ्यांची. पुस्तकावर चिकटवावयाची चिठ्ठी छापतांना नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हांची ओळ उमटे. येथें मात्र इंग्रजी नांव नीट छापलें जाई, म्हणून संशय बळावला. शोध करतां असें दिसलें कीं, छपाईचा भाग जुन्या घडणीचा होता. त्याला पाश्चात्त्य अक्षरांच्या २५६ जागांचा तक्ताच ठाऊक. त्यांत जें नाहीं त्याचें तो प्रश्नचिन्ह करी. देवनागरीसाठीं विंडोजनें असा जुना तक्ता कधीं केलाच नाहीं. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तिनें प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला, आणि विंडोज २००० पासून देवनागरीची सोय त्याच वाटेनें झाली. जुना भाग काढून नवा बसवितांच प्रश्नचिन्हें गेलीं.

तिसरी तक्रार, नांवें मध्येंच तुटतात ही. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा. यंत्र मात्र ज, हल्-चिन्ह, ञ, काना असें करीत ११ जागा मोजतें. ज्याच्या मनांत एक अक्षर म्हणजे एक जागा असें असेल तो चौकट आंखूड आंखणारच. चौकट ८ जागांची ठेवली, तर 'ज्ञानेश्' एवढेंच राहून श चा पाय मोडतो. वर्ण निराळा आणि अक्षर निराळें, हा भेद आमच्या शिक्षाग्रंथांनीं व प्रातिशाख्यांनीं फार पूर्वींच केला आहे. पुतण्यानें चौकट मोठी केली, आणि नांव तोडावेंच लागलें तर अक्षर पुरें झाल्यावर तोडावें असा नियम घातला.

चौथी तक्रार क्रमाची. यादींत 'ळ' हा 'ल' च्या पाठोपाठ येई, 'क्ष' हा 'क' च्या नांवांत घुसे आणि 'ज्ञ' हा 'ज' च्या. आपल्या मुळाक्षरांत हे तिघे 'ह' नंतर शेवटीं बसतात. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी सर्व भारतीय लिपींना समान अशा एका सरकारी तक्त्यावरून घेतली आहे, त्यामुळें 'ळ' तेथें आला. 'क्ष' व 'ज्ञ' यांना तर स्वतंत्र क्रमांकच नाहींत. पण वर्णांचा क्रम उपयोगाप्रमाणें बदलतो, हें पाणिनीच्या १४ माहेश्वर सूत्रांवर नुसती नजर टाकली तरी कळतें. क्रमांकाप्रमाणें न लावतां मराठीच्या रीतीनें लाव, असें यंत्रास सांगण्याची सोय आहे. ती फक्त मागावी लागते.

सर्वांत चिवट निघाली ती पांचवी तक्रार. पुस्तक कपाटांत आहे, नोंद यादींत आहे, आणि शोधलें तर सांपडत नाहीं! 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यांतील आडवा र दोन रीतींनीं टंकतां येतो: एकींत ऱ हा निराळा वर्ण वापरतात, दुसरींत साधा र व एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदीं सारखे दिसतात; यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. सूनबाईंनीं एका रीतीनें लिहिलेलें नांव दुसऱ्या रीतीनें शोधणाऱ्यास मिळेना. त्यांत भर अनुस्वारांची. १९६२ सालीं लेखनाचे नियम बदलले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वींच्या पुस्तकावर 'कांहीं' छापलेलें, आणि आजचा वाचक 'काही' असें शोधणार. मी स्वतः वडिलांच्या वळणानें जुनेंच लेखन करतों. म्हणून काय नव्या पिढीनें माझ्यासारख्यांचीं पुस्तकें वाचूंच नयेत? मीं सुचविलें तें असें: नोंद दोन रूपांत ठेवावी. दाखविण्याचें रूप मुखपृष्ठावरील अक्षर न् अक्षर पाळणारें असावें. शोधण्याचें रूप सैल असावें, त्यांत आडवा र एकाच रीतीचा करावा व अनुस्वार गाळावे. मग 'आंबा' शोधतांना एखादा 'आबा' हि समोर येईल, पण निवड करावयास मनुष्य बसलेला आहेच. पुतण्यानें हें थोड्याच ओळींत करून दाखविलें.

मुदत संपली तेव्हां मंडळापुढें मीं एवढेंच मांडलें. इंग्रजी अक्षरांत समुद्राचा 'दर्या' व डोंगरांतील 'दऱ्या' एक होतात. 'बाल' व 'बाळ' यांत फरक उरत नाहीं. आणि 'ज्ञानेश्वरी' चा आरंभ कोणी डी नें करील, कोणी जे नें, कोणी जी नें. सुटसुटीतपणासाठीं म्हणून जें करावयाचें, त्यानें पुस्तकें अधिकच हरवलीं असतीं. आणि लहान ग्रंथालयांत जें पुस्तक मागणाराला सांपडत नाहीं, तें कांहीं वर्षांनीं रद्दींत जातें. मंडळानें देवनागरीच कायम केली.

आज आपल्या घराघरांतून संगणकाच्या व्यवसायांतील मुलेंमुली आहेत. कोणी पुण्यास, कोणी परदेशांत बसून अशाच खिडक्या बांधीत असतात. त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं त्यांच्याजवळ एक गोष्ट आग्रहानें मागावी: प्रोग्रॅमची परीक्षा घेतांना चौकटींत कसलीं तरी चार इंग्रजी अक्षरें न घालतां आपल्या आजीचें माहेरचें संपूर्ण नांव देवनागरींत घालून पाहावें. तें पुरतें मावतें का, योग्य जागीं बसतें का, आणि दुसऱ्या दिवशीं शोधल्यास सांपडतें का, एवढें पाहिलें तरी बहुतेक दोष घरच्या घरींच उघडे पडतील.