रिकाम्या जागा

शाळेत ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न मला फार आवडे. पुढे त्याच प्रश्नाने मला एका वृद्ध गृहस्थांपुढे मान खाली घालायला लावली.

आमच्या येथील एका लहानशा मराठी ग्रंथालयाची देवघेव संगणकावर ठेवण्याचे काम मी हौसेने पत्करले होते. आज्ञावली पायथॉनमधली, माहितीचा साठा एसक्यूलाइटमध्ये. पुढे तो पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हलवावा असे ठरले. एसक्यूएलच्या वाक्यात प्रत्यक्ष मूल्य लिहू नये, तेथे जागा राखावी व मूल्य वेगळे हाती द्यावे, हा या व्यवसायातला पहिला शिष्टाचार. नाहीतर एखादा खट्याळ मनुष्य नावाच्या जागी आज्ञाच लिहून पाठवील, आणि यंत्र ती इमानाने पाळील! पण जागा राखावी कशी? मार्क-आंद्रे लेम्बर्ग यांनी शब्दबद्ध केलेल्या १९९९ च्या ‘पेप २४९’ या संकेतपत्रात एक नव्हे, पाच रीती मान्य आहेत. प्रश्नचिन्ह ही एक. अपूर्णविरामापुढे अंक किंवा नाव, या दोन. टक्क्याच्या चिन्हापुढे एस, किंवा त्या दोहोंमध्ये कंसात नाव, या आणखी दोन. कोणालाच दुखवायचे नसले की संकेत असे होतात. एसक्यूलाइटच्या चालकाला प्रश्नचिन्ह व नाव दोन्ही चालतात. सायकोपीजी२ मात्र टक्क्यावाचून बोलत नाही.

मी आधी सरसकट शोधून बदलण्याचा सपाटा लावला. ‘अ’पासून सुरू होणारी शीर्षके शोधणारे ‘अ%’ लगेच अडखळले, कारण तेथे टक्का दोनदा लिहावा लागतो. अवतरणातला ‘परत केले?’ हा निष्पाप शेराही रिकामी जागा समजून बदलला गेला. ही दुखणी त्यातल्या त्यात बरी, ती ओरडतात.

न ओरडणारे दुखणे निराळेच होते. परतीची नोंद करणाऱ्या वाक्यात दिनांक, ग्रंथ, सभासद असा नावांचा क्रम होता. मूल्यांच्या कोशात दिनांक, सभासद, ग्रंथ असा. नावे होती तोवर क्रमाला किंमत नव्हती. मी नावे पुसून बिननावी जागा ठेवल्या आणि कोशातली मूल्ये होती त्याच क्रमाने दिली. झाले! ४२ क्रमांकाच्या सभासदाने १०७ क्रमांकाचा ग्रंथ परत केला, की यंत्र १०७ क्रमांकाच्या सभासदाकडे ४२ क्रमांकाचा ग्रंथ शोधी, आणि तो न सापडल्यास एकही ओळ न बदलता स्वस्थ बसे. शून्य ओळी बदलणे ही एसक्यूएलच्या लेखी चूक नव्हेच.

काही आठवड्यांनी मागणीपत्रे गेली. एक निवृत्त शिक्षक पत्र हातात घेऊन आले. पुस्तक परत केल्याचे त्यांना स्मरत होते. पण वयाचा भरवसा न वाटून त्यांनी नवी प्रत विकत आणली होती. मी कपाटाशी गेलो. जुनी प्रत आपल्या जागी उभी होती.

त्या रात्री मी सारे पुन्हा लिहिले. आता माझी आज्ञावली वाक्य अक्षर अक्षर वाचते. अवतरणे व टिपा ओलांडते, पोस्टग्रेमधल्या जोड-अपूर्णविरामाला हात लावत नाही, वाक्यातला प्रत्येक टक्का दुप्पट करते, आणि नाव भेटले की ते न पुसता कंसात घालते. परतीच्या नोंदीनंतर किती ओळी बदलल्या तेही विचारते. उत्तर एक नसेल तर थांबते.

नवी प्रत शिक्षकांनी परत नेली नाही. ग्रंथालयात त्या पुस्तकाच्या आज दोन प्रती आहेत.