कल्हईवाल्याच्या शोधांत

वाशीमला काय मिळत नाहीं, असें हल्लीं कोणी विचारलें तर चटकन् उत्तर देतां यावयाचें नाहीं. ता. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी आली, बँका आल्या, मोठमोठीं दुकानें आलीं. मोबाइलच्या कांचेस तडा गेला तर ती तासाभरांत बदलून मिळते. परंतु गादीचा कापूस पिंजून देणारा, छत्रीची काडी बसविणारा, पाट्यास टांकी लावणारा आणि सर्वांत दुर्मिळ म्हणजे भांड्यांस कल्हई करणारा, हीं माणसें एकामागून एक कोठें गेलीं, याचा पत्ता कलेक्टर कचेरींतहि लागणार नाहीं!

आमचे डोळे उघडले ते गेल्या भाद्रपदांत, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीं. आमच्या वऱ्हाडांत ज्येष्ठागौरींस महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांच्या नैवेद्यास पुरणपोळीबरोबर आंबील आणि कढी हीं हवींतच. साठ पानांची कढी मावेल असें घरांत एकच भांडें, आत्याबाईंचें पितळी पातेलें. त्यास तीन वर्षें कल्हई नव्हती. "एवढ्या वेळेपुरतें चालेल," असें म्हणणारे आम्हीच. नैवेद्यापूर्वीं चाखावयाचें नाहीं, हा घरचा नियम. त्यामुळें पहिल्या पंगतींत पाहुण्यांचीं तोंडें वांकडीं होईपर्यंत कढी कळकली आहे हें कोणासच कळलें नाहीं. पातेलेंभर कढी ओतून द्यावी लागली. ज्या दोघां मुलांनीं ती अगोदरच वाटीभर पिऊन टाकली होती, त्यांस रात्रीं ओकाऱ्या झाल्या, आणि घरांतील कोणाचाहि डोळा पहांटेपर्यंत लागला नाहीं.

पितळ म्हणजे तांबें आणि जस्त. ताक, चिंच, कोकम अशा आंबट पदार्थांत तांबें विरघळतें आणि पोटांत गेलें म्हणजे ओकाऱ्या होतात. मध्यें कथिलाचा पातळ थर असला कीं पदार्थ बिघडत नाहीं. एवढीच कल्हईची मातबरी. पण तिच्यावर आमच्या आज्यापणज्यांचा सारा स्वयंपाक चालला.

दुसऱ्या दिवशीं घरांत वाद माजला. धाकटे बंधु म्हणाले, "सर्व पितळ मोडींत द्या आणि स्टीलचें पातेलें आणा." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. पूर्वीं अॅल्युमिनियम आलें तेव्हांच पितळेस उतरती कळा लागली होती. पुढें स्टीलनें तिला फळीवर नेऊन बसविलें. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पातेलें उलटें करून त्याच्या कांठावरील अक्षरें पदरानें पुसलीं, इतकेंच. तें नांव त्यांच्या सासरचें. विसाव्या वर्षीं वैधव्य आलें आणि त्या माहेरीं परतल्या, त्या हें एक पातेलें घेऊन. येथें सर्वजण त्यांस आत्याबाई म्हणतात; लग्नांत ठेवलेल्या त्या नांवानें हांक मारणारें आतां कोणी राहिलें नाहीं. मोडीचा विषय तेथेंच संपला.

मग शोध सुरू झाला. रिसोडला माणूस पाठविला, कारंजास गुरुमंदिरांत दर्शनास गेलों तेव्हां तेथील बाजारांत विचारलें. शेवटीं वाशीमांतीलच एका भांडेवाल्यानें जुन्या वस्तींतील एक घर दाखविलें. दारांत एक वृद्ध मुसलमान गृहस्थ बसले होते. भाता खुंटीस टांगलेला. मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. आम्हीं नांव सांगतांच म्हातारा हंसला. "तुमच्या घरचं काम माह्या बापानं केलं, मीबी केलं. तुमचे आजोबा दर नगामागं दोन पैसे कमी करून घेत, आन् पुढल्या वर्साले बलावतच नसत!"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तीन वर्षांतून एकदां बोलवावयाचें, त्यांतहि घासाघीस करावयाची, आणि तो नाहींसा झाला म्हणजे काळास दोष द्यावयाचा, हा आमचा जुना परिपाठ! आणखी एक गोष्ट लिहावयास संकोच वाटतो, पण लिहितों. त्यांच्या हातचें भांडें आमच्या घरीं सोवळ्यांत चाले, कारण त्यास अग्निसंस्कार झालेला असे. त्यांस पाणी मात्र ओसरीखालीं उभें करून ओंजळींत वरून ओतलें जाई. भांड्यास लागू होणारें शास्त्र तें करणाऱ्या माणसास कधीं लागू झालें नाहीं.

ते आले. मुलानें दुकान बंद ठेवून भाता धरला. परसांत खड्डा करून कोळसे पेटविले. म्हातारा पातेल्यांत वाळू घालून स्वतः आंत उभा राहिला आणि भिंतीस हात टेकून पायांनीं पातेलें गरगर फिरवूं लागला. तळ उजळेपर्यंत तसाच. मग तें विस्तवावर धरून नवसागराची पूड टाकली, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि मुलें खोकत दूर पळालीं. कथिलाची कांडी आंत फिरविण्यापूर्वीं त्यांनीं ती आमच्या कानाशीं धरून वांकविली. ती कुरकुरली. चोख कथील असें बोलतें. शिसें मिसळलें तर आवाज बसतो, आणि तें शिसें कढींतून पोटांत जातें. कथील २३२ अंशांवर वितळतें, तांब्यास १,०८५ लागतात. म्हणून तापलेल्या पातेल्यावर कथील पाण्यासारखें पसरतें. कापसाचा बोळा एकदां फिरला आणि आंत चांदणें पडलें.

घासाघीस कोणीं केली नाहीं. सांगितले तेवढे पैसे दिले. "पुढच्या वर्षीं?" असें विचारतां त्यांनीं मुलाकडे पाहिलें, मुलगा भाता गुंडाळीत होता. "याले भाता येतो," ते म्हणाले, "हात अजून येत नाई."

इतक्यांत आत्याबाई ओसरीच्या पायऱ्या उतरून खालीं आल्या. हातांत नुकताच कल्हई केलेला पेला, त्यांत ताक. म्हाताऱ्यानें एक घोट घेतला, जिभेवर घोळविला, आणि पेल्यांत वांकून पाहिलें.

"कळकत नाई, बाई," ते म्हणाले, आणि उरलेलें ताक मुलाच्या हातीं दिलें.