फळ्यावरची दोन नावं

पाटी डोक्यात घालून झालेली ही ओळख. तिची मैत्री व्हायलाच पाच वर्षं लागतात, प्रेम तर त्याच्याही पुढे. ल्यूसी मॉड मॉन्टगोमेरी यांच्या ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ या १९०८ सालच्या कादंबरीत, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर, अनाथाश्रमातून आलेली लाल केसांची अ‍ॅन शर्ली शाळेत जाऊ लागते. गिल्बर्ट ब्लाइथ तिची वेणी धरून तिला ‘गाजर’ म्हणतो. केसांचा रंग हे तिचं सगळ्यात हळवं दुखणं. ती पाटी उचलते आणि त्याच्या डोक्यात घालते. मास्तर तिलाच फळ्यासमोर उभं करतात. चिडवलं मी, असं गिल्बर्ट उठून सांगतो, पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कुणीच नसतं. अ‍ॅन तर नाहीच.

आज तरुणांसाठी लिहिलेल्या प्रेमकथांमध्ये एकमेकांवर कुरघोडी करणारी दोघं शेवटी एकमेकांची होतात, हा फार लाडका साचा आहे. त्यात चुरस बहुतेकदा वाटेतला अडसर असते. ती सरली की प्रेम सुरू. मॉन्टगोमेरींनी चुरशीतच जवळीक पाहिली, म्हणून मला ही कादंबरी त्या सगळ्यांची थोरली बहीण वाटते.

शाळेत गणितं बिनचूक सुटली की नाव फळ्यावर मानाच्या यादीत लागतं. एके दिवशी गिल्बर्टचं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅनचं, कारण आदली सगळी संध्याकाळ ती दशांश अपूर्णांकांशी झुंजलेली असते. मग एकदा दोघं बरोबरीत येतात आणि नावं शेजारी-शेजारी लिहिली जातात. त्याच शाळेच्या भिंतीवर मुलं एखाद्या मुलाचं नि मुलीचं नाव जोडून लिहितात, आपल्याकडे बदामात लिहितात तसंच. अ‍ॅनला फळ्यावरची ती जोडीही तितकीच लाजिरवाणी वाटते. अभ्यासाच्या फळ्याने नकळत तेच लिहिलं होतं!

ज्याच्याशी चुरस असते त्याच्यावर आपण डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो. अ‍ॅन वर्षानुवर्षं गिल्बर्टशी बोलत नाही. तळ्यात तिची होडी बुडते तेव्हा तो वेळेवर येतो, दोस्तीचा हात पुढे करतो, तो हातही ती झिडकारते आणि मग चुटपुटत राहते. पण त्याचे गुण तिच्याइतके कुणालाच पाठ नसतील. क्वीन्स अकॅडमीच्या प्रवेशपरीक्षेत दोनशे मुलांत दोघं मिळून पहिली येतात. शार्लटटाउनच्या त्या वर्गात, अनोळखी चेहऱ्यांच्या गर्दीत, गिल्बर्ट दिसल्यावर तिला हायसं वाटतं. पुढे सुवर्णपदक त्याला मिळतं, एव्हरी शिष्यवृत्ती तिला. मुलगी म्हणून तो तिला कधी एक गुणही सोडत नाही, आणि त्या काळी हा मोठा आदर होता असं मला वाटतं.

म्हणूनच शेवटी तो जे सोडतो त्याचं मोल कळतं. तिला वाढवणाऱ्या भावंडांपैकी मॅथ्यू जातो, त्याची बहीण मरिला हिची नजर अधू होत चाललेली, म्हणून अ‍ॅन शिष्यवृत्तीवर पाणी सोडते आणि घरी राहते. गिल्बर्ट गावच्या शाळेतली नोकरी तिच्यासाठी मोकळी करतो. स्वतः व्हाइट सँड्सला जातो, जिथे राहण्या-जेवण्याचे पैसे मोजावे लागणार. आणि त्याला तर कॉलेजसाठी पै-पै साठवायची आहे. तिने काय गमावलं हे इतरांनी ऐकलं होतं. त्याला ते ठाऊक होतं, कारण त्याच शर्यतीत तोही धावला होता.

या प्रसंगात लेखिकेचं आयुष्य उतरलं आहे असं मला वाटतं. मॉन्टगोमेरींनी शिक्षकी पेशाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम एका वर्षात उरकला होता, आणि १८९८मध्ये आजोबा गेल्यावर नोकरी सोडून त्याही आजीजवळ येऊन राहिल्या. ही कादंबरी त्या घरातली. त्यांच्यासाठी शाळा सोडणारा गिल्बर्ट कुणी होता का, हा प्रश्न माझा पाठ सोडत नाही.

मरिलाचीही एक जुनी गोष्ट आहे. गिल्बर्टच्या वडिलांशी तिचं जुळलं होतं. भांडण झालं, त्यांनी क्षमा मागितली, तिने दिली नाही. हे ती अ‍ॅनला अगदी उशिरा सांगते, ओझरतं. अबोला जन्मभर पुरतो, हे त्यांच्याच स्वयंपाकघरात रोज वावरत होतं.

तिसऱ्या पुस्तकात, १९१५च्या ‘अ‍ॅन ऑफ द आयलंड’मध्ये, गिल्बर्ट विषमज्वराने अत्यवस्थ होतो तेव्हा अ‍ॅनला आपलं मन उमगतं. मला तो ताप नको होता. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी दोघं फाटकापाशी अर्धा तास बोलत उभी राहतात, तिथेच सारं कळतं. काय बोलली ते मॉन्टगोमेरी सांगत नाहीत. मी खात्रीने म्हणेन, भूमितीच्या पेपरवर बोलली असतील; तो विषय अ‍ॅनला सगळ्यात छळायचा, आणि त्यावर जीव तोडून बोलायला तिला गिल्बर्टच हवा होता.