आमची कारखानदारी

अर्थशास्त्र शिकविण्यात आमची सत्तावीस वर्षे गेली. परंतु पावशेर जिन्नसही आम्ही कधी स्वतः विकलेला नाही. अशा आम्हांस गेल्या श्रावणात अकस्मात कारखानदार व्हावे लागले. ह्यास कारण आमचा पुतण्या.

चिरंजीव हिंजवडीस चांगल्या पगारावर आहेत. ती नोकरी सोडून व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका लहानशा कंपनीत जाण्याचे त्यांनी योजिले. 'दादा, तुम्ही त्याला दोन शब्द सांगा,' असे आमच्या धाकट्या बंधूंनी साताऱ्याहून कळविले. सोबत दाखलाही दिला : युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या पुनर्निर्मितीचे काम होते, ते २०२२ साली त्यांच्याकडून निघून माँट्रिअलला गेले. असल्या धंद्याचा भरवसा काय?

आम्ही दोन शब्द सांगावयास बसलो, तो पुतण्यानेच संगणक पुढे सरकविला. "काका, आधी हा खेळ खेळा, मग बोला."

खेळाचे नाव 'कॅपिटॅलिझम लॅब'. हाँगकाँगच्या ट्रेव्हर चॅन ह्यांनी १९९५ साली काढलेल्या 'कॅपिटॅलिझम' ह्या खेळाचा हा वंशज. ह्यात शेते, कारखाने व दुकाने उभारावयाची, संशोधनावर व जाहिरातीवर पैसा घालावयाचा आणि प्रतिस्पर्ध्यांस पुरून उरावयाचे. गिऱ्हाईक किमतीकडे किती पाहते, गुणाकडे किती व नावाकडे किती, ह्याचे शेकडा प्रमाण प्रत्येक जिनसापुढे मांडलेले असते. हे आकडे बदलता येतात, नवे जिन्नसही घालता येतात. अशा फेरफारास 'मॉड' म्हणतात. पुतण्याने आपल्या मॉडात व्हिडिओ गेमचाच धंदा बसविला होता.

आम्ही सारा पैसा संशोधनावर ओतला, जाहिरातीस कवडी दिली नाही, आणि पाहता पाहता गबर झालो. इतक्या वर्षांची विद्या अखेर फळास आली, असे वाटून आम्ही कोष्टक उघडले. तेथे गुणास ७०, किमतीस १५ व नावास १५ !

"गिऱ्हाईक असे असते, हे तुला कोणी सांगितले?"

"कोणीच नाही. असे असावे, असे मला वाटते."

आम्ही हसणार होतो. परंतु हसू ओठांतच राहिले. सुज्ञ गिऱ्हाईक गृहीत धरून फळ्यावर वक्ररेषा काढण्यात आमचा तरी जन्म दुसऱ्या कशात गेला? आम्ही मुकाट्याने आकडे फिरविले. नावास ७० दिले. "आता तू खेळ."

रात्री अकरापर्यंत त्याचे दोनदा दिवाळे निघाले. दुसऱ्या खेपेस तो आमच्याशी बोलेना; आम्ही निजावयास गेलो. पहाटे पाहतो तो दिवा जळतच होता, आणि तिसरा डाव चालू होता : कारखाना एकच, जिन्नस एकच, कर्ज मुळीच नाही.

"फायदा?"

"नाही, काका. पण बुडालोही नाही."

मग चहा घेताना त्याने 'राजी'ची हकीकत सांगितली. आपल्याच पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या लहान मंडळीने, राक्षसांनी पळविलेल्या भावाच्या शोधास निघालेल्या मुलीचा हा खेळ रचिला. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ठरलेली रक्कम जमली नाही, आणि अशा वेळी तेथील नियमाप्रमाणे जमलेलेही हाती लागत नाही. तरी २०२० साली 'राजी' जगापुढे आली.

त्याच दिवशी आम्ही बंधूंस पत्र लिहिले : 'मुलास बाजार अजून कळलेला नाही, तो आम्हांसही कळलेला नाही. परंतु दोनदा बुडाल्यावर लहान डाव मांडण्याची अक्कल त्याच्यापाशी आहे; वर्षभराचा खर्च गाठीस बांधून तो जाऊ म्हणेल, तर अडवू नये.'

सांगितले होते दोन शब्द. झाली दोन वाक्ये. उत्तर अद्याप आलेले नाही. तोवर वर्गात सुज्ञ गिऱ्हाइकाचा पाठ आला, की आमचा आवाज थोडा खाली येतो, एवढे खरे.