कान साफ, डोये धुकट

बोरी अरबसारख्या गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्याची खरी परीक्षा हळदीच्या खोलीत होते. वैशाखातल्या मांडवात उजेड हवा तेवढा असतो. आत मात्र दहा बाय बाराची खोली, एकच पिवळा बल्ब, दारात बायकांची गर्दी आणि पाटावर बसलेली नवरी. फ्लॅश मारला की हळदीचा रंग उडतो आणि भिंतीवर काळी सावली चिकटते. किट लेन्स 55 वर नेली की 5.6 पेक्षा जास्त उघडत नाही. 1.8 ची प्राइम तिच्या जवळपास दहापट उजेड घेते. जिथे शटर 1/8 वर अडकतो, तिथे 1/80 मिळतो. म्हणून धंद्यात आलेला पोरगा पहिल्या कमाईतून ‘फिफ्टी’ घेतो.

मी त्याला 35 घ्यायला सांगतो. छोट्या सेन्सरच्या बॉडीवर 50 ची लेन्स 75-80 सारखी वागते. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर साडेबारा फूट मागे सरावं लागतं. पाठ भिंतीला टेकली तरी पाय कापले जातात. 35 ला नऊ फूट पुरतात. जुनी लेन्स घेणाऱ्याने आणखी एक बघावं. निकॉनच्या 50 मिमी 1.8 डी लेन्सला स्वतःची मोटर नाही आणि डी 3000, डी 5000 मालिकांतल्या बॉडीतही ती नाही. या जोडीत ऑटोफोकस चालतच नाही, रिंग हाताने फिरवत बसावं लागतं.

उजेडाचा हा फायदा फोकसमध्ये फेडावा लागतो. 50 ची लेन्स, 1.8 अ‍ॅपर्चर, एक मीटर अंतर, एवढ्यात साफ दिसणारा पट्टा जेमतेम 3 सेंटिमीटरचा. परवा गावातला एक पोरगा कॅमेरा घेऊन आला. “दादा, कान साफ दिसते अन् डोये धुकट. लेन्स खराब हाये का?”

शंका वावगी नव्हती. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली असतो आणि फोटो टिपणारा मागे. दोन्हीकडच्या वाटांत केसाएवढा फरक असला, तरी कॅमेरा फोकस झाल्याचा आवाज देतो आणि फोटो चुकतो. 5.6 वर हा फरक झाकून जातो, 1.8 वर उघडा पडतो. मिररलेसमध्ये फोटोचाच सेन्सर फोकस धरतो, त्यामुळे हे दुखणं राहत नाही.

मी त्याचा कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. अडीच मीटरवर छापील कागद सरळ उभा केला, शेजारी तिरपी पट्टी ठेवली. आधी व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढले, मग लाइव्ह व्ह्यूवर, आणि दर वेळी रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवला. चूक सतत एकाच बाजूला पडली तर जुळणीचा दोष समजावा. निकॉन डी 7200 किंवा कॅनन 70 डी अशा बॉडीत तो मेनूतून उणे 20 ते अधिक 20 पर्यंत सुधारता येतो. फोकस कॅमेऱ्याच्या बाजूला पडत असेल तर आकडा अधिककडे न्यायचा. स्वस्त बॉडीत ही सोय नसते, तिथे लेन्स आणि बॉडी दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्यावी लागतात. चूक कधी पुढे, कधी मागे पडत असेल तर मेनूला हात लावू नये.

पोराचे दोन्ही प्रकारचे फोटो सारखेच साफ आले. लेन्स निर्दोष होती. तो मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा वळवायचा. एक मीटरवर 15 अंश वळलं की फोकस डोळ्याच्या जवळपास साडेतीन सेंटिमीटर मागे जातो, म्हणजे कानाकडे. कडेचे पॉइंट वापरावेत तर कमी उजेडात ते चाचपडतात. म्हणून मधला पॉइंट डोळ्यावरच ठेवायचा, चौकट थोडी मोकळी घ्यायची आणि नंतर कापायची. हळदीने माखलेल्या गालावर कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही, तेव्हा भुवई किंवा पापणी धरावी. अ‍ॅपर्चर 2.2 किंवा 2.5 वर आणावं. थोडा उजेड जातो, पण डोळे हाती लागतात.

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि कोणालाच उसंत मिळत नाही. ही तपासणी त्याआधीच, आपल्या लेन्सवर आणि आपल्याच बॉडीवर करून घ्या.