आगीच्या वाटेवरचं बेट

सह्याद्री ज्या आगीतून जन्मला, ती आग आज सह्याद्रीखाली नाही. ती विषुववृत्ताच्या पलीकडे, मादागास्करच्या पूर्वेला, रियुनियन बेटाच्या पोटात आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर लाव्हा ओकतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी त्या आगीवरून सरकत होती. लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. पुढे भूमी ईशान्येकडे निघून आली, आग मागे राहिली. तिच्यावरून मग समुद्राचा तळ सरकत गेला आणि त्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची रांग उठली. अगदी अलीकडे, म्हणजे नव्वदेक लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस पाण्यावर आलं. रियुनियन तिथून पावणेदोनशे किलोमीटरांवर आहे.

नकाशावर ही रेघ बोटाने काढत जायला मला फार आवडतं. घाटातल्या काळ्या कड्यापासून निघायचं, अरबी समुद्रात उतरायचं, प्रवाळाच्या बारीक बारीक ठिपक्यांवरून दक्षिणेला जायचं आणि मॉरिशसपाशी थांबायचं. आमच्या शाळेच्या भूगोलात दख्खनचा लाव्हा एका धड्यात होता आणि हिंदी महासागरातली बेटं दुसऱ्या. त्या दोन धड्यांना शिवणारा धागा फार उशिरा हाती आला, आणि आला तेव्हापासून मॉरिशस मला परदेश वाटलेला नाही.

देश लहान. रॉड्रिग्ज आणि इतर बेटं धरून जमीन सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा पाव हिस्सा. पण त्याच्या वाट्याचा समुद्र जवळजवळ २३ लाख चौरस किलोमीटर आहे. नाशिक विषुववृत्ताच्या जितकं उत्तरेला, साधारण तितकंच हे बेट दक्षिणेला. त्यामुळे ऊन ओळखीचं वाटतं आणि ऋतू मात्र उलटे. आपल्याकडे आषाढाची झड लागते तेव्हा तिथे थंडी असते, आणि आपल्या माघात तिथे चक्रीवादळांची धास्ती. पाऊसही उलट्या अंगाने येतो. आग्नेयेकडून वाहणारे वारे डोंगरांना अडतात आणि मधल्या पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत ओततात. पश्चिम किनाऱ्याला त्याचा चौथा हिस्साही जेमतेम मिळतो. पाऊस पश्चिमेकडून येतो हे ज्याच्या हाडात मुरलेलं, अशा कोकणी माणसाला या बेटावर पहिलं वर्ष कसं गेलं असेल? समुद्राकडे तोंड करून तो ढगाची वाट बघत बसला असेल आणि पाऊस त्याच्या पाठीमागून, डोंगरावरून आला असेल.

पठारावर क्युरपीप नावाचं गाव आहे. सतत ओलं, धुक्याचं. गावाच्या मधोमध त्रू ओ सेर्फ हे ज्वालामुखीचं विवर आहे, झाडांनी भरलेलं, तळाशी थोडं पाणी. त्याच्या काठावर लोक सकाळी फिरायला येतात. काठाखालीच घरं, वाळत घातलेले कपडे, शाळेला निघालेली मुलं. आणखी दक्षिणेला गंगा तलाव, तोही विवरातलाच. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी घेऊन पायी तिथे जातात.

या बेटाचा आणखी एक थर आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. मॉरिशसच्या खडकात झिरकॉनचे सूक्ष्म कण सापडले आणि त्यांचं वय निघालं तीनशे कोटी वर्षांपर्यंत. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. बेट नव्वद लाख वर्षांचं आणि त्याच्या पोटातला कण तीनशे कोटी वर्षांचा! अर्थ असा लावला गेला, की भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले तेव्हा मधे जमिनीचा एक प्राचीन तुकडा राहून गेला, लाव्ह्याखाली गाडला गेला, आणि वर येणाऱ्या लाव्ह्याने त्याचे कण सोबत उचलून आणले. हे वाचल्यावर कितीतरी वेळ मी दुसरं काही वाचू शकलो नाही.

मॉरिशसमध्ये मला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवलं ते उसाच्या शेतातल्या दगडांच्या राशींनी. समुद्राची निळाई सगळे दाखवतात, ती सुंदर आहेच. पण गाडी उसातून जाऊ लागली की हिरव्या पात्यांच्या वर मधेच काळी रास उभी दिसते, मग दुसरी, मग तिसरी. प्लेन मान्यँच्या बाजूला काही राशी तर पायऱ्यापायऱ्यांनी नीट रचलेल्या आहेत, कोकणात गडगा रचतात तशा, चुन्या-मातीशिवाय, दगडाला दगड बसवून. जवळ जाऊन हात लावला. दगड उन्हाने तापलेला, सावलीकडच्या बाजूला पांढरट दगडफूल, आणि अंगभर बारीक भोकं. लाव्हा थिजताना अडकलेल्या वाफेची ती घरं. आपल्या दख्खनच्या जुन्या थरांत अशा पोकळ्यांमध्ये पाणी झिरपत राहिलं आणि त्यात शुभ्र, हिरवट स्फटिक भरले. पुण्या-जळगावकडच्या खाणींतून ते निघतात. इथला वरचा दगड तरुण आहे. त्याची भोकं अजून रिकामी आहेत. करंगळीचं टोक आत जातं.

या दगडांखाली माती होती आणि मातीत ऊस लावायचा होता. म्हणून एकेक दगड माणसाने उपसला, डोक्यावर घेतला आणि बाजूला रचला. ऊस डचांनी १६३९ साली जावाहून आणला. ते बेट सोडून गेले, डोडो पक्षीही त्यांच्याच काळात संपत आला. मग फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले. दगड उपसणारे आधी मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेले गुलाम होते. नैऋत्येच्या टोकाला समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा ल मोर्न डोंगर आहे. पळून गेलेले गुलाम त्याच्या कपारींत लपत. १८३५ साली गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर चढले आणि ते आपल्याला धरायलाच आले असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या राशींमधला कुठला दगड कोणाच्या हातचा, हे आता कोणी सांगू शकणार नाही. माझ्या मनात मात्र ते हात आधी येतात आणि आपले नंतर.

आपले आले ते १८३४ पासून. गुलामांच्या जागी करारावर मजूर आणायला इंग्रजांनी सुरुवात केली आणि १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. सोळा दगडी पायऱ्या आहेत. बहुतेक माणसं बिहार आणि त्याच्या आजूबाजूची, काही तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढलेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. पुढच्या काळातल्या नोंदींसोबत छायाचित्रंही आहेत. करार पाच वर्षांचा असे. जे परतले ते परतले. जे राहिले त्यांनी कोकणातल्या कातळासारख्याच कातळावर घर बांधलं, आणि तो कातळ एकाच आगीतला आहे हे त्यांना सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं.

त्यांच्या पणतवंडांची घरची भाषा आज बहुधा क्रिओल आहे. मराठी शाळेत शिकायला मिळते, देवळात ऐकू येते, आणि गणपतीत तर भरभरून येते. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातला गणपती भाताच्या हिरव्या खाचरांतून, चिखलातून घरी येतो. मॉरिशसचा येतो ऊसतोडीच्या दिवसांत. अंगणात रिंगण धरून झाकरी नाचतात. आपल्या जाखडीचीच ती बहीण. पाय तसेच पडतात, ढोलकीही तीच, गाणं म्हणणाऱ्याच्या तोंडी मात्र मराठी क्रिओलच्या हेलाने येते. मला तो हेल गोड वाटतो. भाषा जपणं म्हणजे ती जशीच्या तशी बरणीत भरून ठेवणं, असं मानणाऱ्यांनी एकदा ती झाकरी ऐकावी.

अशा सगळ्यांच्या या बेटावर २५ जुलै २०२० ला संकट आलं. वाकाशियो नावाचं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळरांगेवर चढलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्यातून सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात सांडलं. प्रवाळाची ती रांग म्हणजे बेटाचा बांध. महासागराची लाट तिच्यावर फुटते, म्हणून आत मासे आहेत, किनारा आहे, गाव आहे. तेल पसरू लागल्यावर माहेबूर गावात सगळ्या धर्मांची, सगळ्या रंगांची माणसं गोळा झाली. ज्या उसापायी कोणाच्या पूर्वजाला बेड्या पडल्या आणि कोणाच्या पूर्वजाने कराराच्या कागदावर अंगठा उठवला, त्याच उसाचं पाचट त्यांनी गाड्या भरभरून आणलं. कापडाच्या लांबलचक पिशव्यांत ते ठासून भरलं, तरंगावं म्हणून आत रिकाम्या बाटल्या घातल्या आणि त्यांचे हार शिवून पाण्यात सोडले. तेल शोषायला केस चालतात हे कळल्यावर लोकांनी केस कापून दिले. हे काम यंत्रणेवर सोपवा, असं सरकारने सांगितलं. कित्येक जण तरी दुसऱ्या दिवशी सुई-दोरा घेऊन पुन्हा किनाऱ्यावर आले.